चाफ्याचं गणगोत



पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी दादर स्टेशनला पश्चिमेकडे, फूलबाजाराच्या बाजूनं उतरलात, तर झेंडू-शेवंतीचे ढीग दिसायच्या आधी एक वास तुम्हाला गाठतो. तो सोनचाफ्याचा. वसईकडच्या वाड्यांतून अंधारातच खुडलेली ही फुलं पहाटेच्या लोकलनं शहरात येतात. झेंडू वजनावर विकतात, सोनचाफा मोजून. दुपार कलली की त्याच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडू लागतात, म्हणून विकणाऱ्या बाईला घाई असते आणि घेणाऱ्याला थोडी सूटही मिळते.

या फुलावर कवींनी पुष्कळ लिहिलं आहे. मीही कविता लिहितो, पण आज मला फुलापेक्षा झाडाविषयी बोलायचं आहे. त्याचं पान, त्याची फांदी, त्याचं बी, आणि मुख्य म्हणजे त्याचं कूळ. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या वहीतल्या जास्वंदीच्या आकृतीपाशी संपला होता. पुढे झाडांची नावं विचारत हिंडायची सवय लागली, त्यातून जे कळत गेलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की, चाफा म्हणजे नेमकं कोणतं झाड? गिरगावात कुणाला विचारा, तो सोनचाफ्याचं नाव घेईल. देवळाच्या आवारात विचारा, पुजारी पांढऱ्या फुलांच्या, जाड फांद्यांच्या देवचाफ्याकडे बोट दाखवील. त्यालाच आपण खुरचाफा म्हणतो. याशिवाय हिरवा चाफा आहे, त्याचं फूल पानांत लपतं आणि पिकलेल्या फळासारखा वास सोडतं. कवठी चाफा आहे, त्याच्या वासात कवठाची आठवण असते. नागचाफा आहे, पांढऱ्या चार पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. आणि भुईचाफा आहे, तो तर पानं यायच्या आधी सरळ जमिनीतून फूल वर काढतो. कवी बी यांची चाफ्यावरची कविता लता मंगेशकरांच्या आवाजात घराघरांत पोचली. पण ती ऐकताना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापल्या अंगणातलाच चाफा येतो.

मराठीनं या सगळ्यांना एक आडनाव दिलं. वनस्पतिशास्त्र मात्र त्यांना वेगवेगळ्या घरांत पाठवतं. देवचाफा हा कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातला. नागचाफा आपल्या कोकणातल्या सुरंगीचा आणि उंडीचा नातेवाईक. भुईचाफा हळदी-आल्याच्या घरचा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. सोनचाफा आणि कवठी चाफा हे दोघे तेवढे एका घरचे, आणि त्या घराचं नाव मॅग्नोलिया. हिरव्या चाफ्याचं सीताफळाचं कूळ या घराचं चुलत घर लागतं. बाकीचे सगळे मानलेले भाऊ.

मॅग्नोलिया हा शब्द आपण इंग्रजी कादंबऱ्यांत वाचतो, सिनेमात ऐकतो, आणि ते परक्या थंड देशातलं काहीतरी फूल असावं असं समजून सोडून देतो. पण तो रोज दादरच्या बाजारात उतरतो आहे. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं सोनचाफ्याला मिशेलिया चंपाका असं नाव दिलं. त्यातलं मिशेलिया हे फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं आणि चंपाका हा तर सरळ आपला चंपक. गेल्या काही दशकांत झाडांच्या नात्यांची तपासणी त्यांच्या जनुकांवरून होऊ लागली, तेव्हा मिशेलिया आणि मॅग्नोलिया ही दोन वेगळी घरं नाहीत, मधली भिंत उगाच घातलेली आहे, असं बहुतेकांचं मत झालं. आता पुष्कळ ग्रंथांत सोनचाफ्याचं नाव मॅग्नोलिया चंपाका असं येतं. पहिलं नाव बदललं, पण चंपाका कुणी काढून टाकला नाही.

या नावांत एक मजेदार गोष्ट दडलेली आहे. देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. ते शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच साधूच्या नावावरून आलं. हा गृहस्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस तीनदा वेस्ट इंडीज बेटांवर जाऊन तिथल्या वनस्पतींची चित्रं आणि वर्णनं घेऊन आला. १७०३ साली त्यानं त्या नव्या वनस्पतींवर पुस्तक छापलं आणि त्यात मार्टिनिक बेटावरच्या एका झाडाला नाव दिलं मॅग्नोलिया. कुणाच्या स्मरणार्थ? तर दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या पिएर मॅन्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. मॅन्योल जन्मानं प्रॉटेस्टंट, आणि त्यामुळे विद्यापीठातली जागा त्याला आधी नाकारली गेली होती. नाव देणारा प्ल्युमिए कॅथलिक मठातला साधू. मॅन्योलची मोठी कामगिरी अशी की, १६८९ साली त्यानं वनस्पतींची मांडणी कुटुंबांमध्ये केली. झाडांनाही कूळ असतं हा विचार व्यवस्थित मांडणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत तो मोजला जातो.

म्हणजे बघा, ज्याचं नाव आपल्या देवचाफ्याला आहे, त्यानंच आज सोनचाफ्याला लागलेलं नाव घडवलं. दोन्ही झाडं कुळानं एकमेकांपासून दूरची. आपल्या आयाबायांनी दोघांनाही चाफा म्हटलं, त्यांना प्ल्युमिए ठाऊक नव्हता आणि मॅन्योलही. तरी नावांच्या वाटेनं ती दोन्ही झाडं पुन्हा एकत्र आली. मला ही गोष्ट फार आवडते.

आता झाड ओळखायचं कसं ते सांगतो. फूल नसतानाही सोनचाफा ओळखता येतो. त्याची कोवळी फांदी हातात घ्या. तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर बारीक कडी दिसतील, फांदीभोवती पूर्ण फिरलेली, मनगटात बांगड्या असाव्यात तशी. प्रत्येक पान बाहेर येण्याआधी एका टोपीत गुंडाळलेलं असतं. या टोपीला शास्त्रात उपपर्ण म्हणतात. सोनचाफ्याच्या या टोपीवर रेशमासारखी फिकट लव असते. आतलं पान मोठं झालं की टोपी गळून पडते आणि ती जिथे चिकटलेली होती तिथे गोल खूण राहते. एक कडं म्हणजे उलगडलेलं एक पान. ही मॅग्नोलियाच्या घराण्याची निशाणी आहे. अशी कडी वड, पिंपळ, उंबरालाही असतात, पण त्यांचं पान तोडलं तर पांढरा चीक येतो. सोनचाफ्याला चीक नाही. देवचाफ्याला चीक भरपूर, पण कडी नाहीत, तिथे गळलेल्या पानांचे मोठाले वण असतात. चीक आणि कडं, एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या की निम्मं काम झालं.

सोनचाफ्याचं फूल नीट पाहिलं तर ते जुन्या वळणाचं आहे हे लक्षात येतं. जास्वंदीला खाली हिरवा निदलपुंज असतो, वर पाच पाकळ्या असतात, सगळं हिशेबशीर. सोनचाफ्यात हिरवं काही नाही आणि हिशेबही नाही. बारा ते वीस सारख्याच पिवळ्या-केशरी पाकळ्या, आतल्या जरा अरुंद. मधोमध एक लहानसा दांडा, त्याच्या तळाशी पुष्कळ पुंकेसर, मग थोडी मोकळी जागा, आणि वरच्या टोकाला स्त्रीकेसरांची दाटी. फूल उमलायच्या आधीची कळी सरळ, निमुळती, टोकदार. चाफेकळीसारखं नाक ही आपली उपमा या कळीवरून आली आहे.

मॅग्नोलियाच्या नातेवाइकांचे जीवाश्म सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत. मधमाश्यांची आजच्यासारखी रेलचेल होण्याआधीचा तो काळ. तेव्हा फुलाफुलांत हिंडणाऱ्या किड्यांमध्ये भुंगेरे होते, कडक पाठीचे, चावून खाणारे. त्यांनी नासधूस करू नये म्हणून या घराण्यातल्या फुलांच्या पाकळ्या जाड आणि त्यांचे अवयव घट्ट झाले, असं मानतात. फुलांत मधाचे पेले नाहीत. भुंगेऱ्याला खायला परागकण आणि आसऱ्याला पाकळ्यांची खोली. फूल उमलतं तेव्हा आधी त्याचे स्त्रीकेसर तयार असतात, त्याचे स्वतःचे पराग नंतर मोकळे होतात. दुसऱ्या फुलातून परागानं माखून आलेला पाहुणा पहिल्यांदा उपयोगी पडतो आणि जाताना नवे पराग घेऊन जातो. काही मॅग्नोलियांची फुलं तर या काळात स्वतः उष्णता निर्माण करतात.

इथे कवितेचा आणि शास्त्राचा एक जुना हिशेब जुळतो. भुंगा चाफ्याकडे जात नाही, असा आपल्याकडचा जुना कविसंकेत आहे. संस्कृतात तो आहे, हिंदीत आहे. रंग आहे, रूप आहे, गंध आहे, तरी भ्रमर का येत नाही, याची कवींनी नाना कारणं दिली. कुणी चाफ्याला गर्विष्ठ ठरवलं, कुणी भुंग्याला अरसिक. खरं कारण साधं असावं. भुंग्याला हवा मध, आणि या घरात मधाची पद्धतच नाही. भुंगा येत नाही, भुंगेरा येतो. कवींनी पाहिलं ते बरोबर होतं, त्यांनी दोष मात्र चाफ्याला किंवा भुंग्याला दिला.

देवचाफ्याकडेही मध नाही. पण तो चलाख आहे. त्याचा वास संध्याकाळनंतर वाढतो आणि रात्री उडणारे मोठे पतंग मध मिळेल या आशेनं त्याच्या नळीत सोंड घालतात. मिळत काही नाही, पराग मात्र इकडचे तिकडे होतात. कुळं वेगळी, स्वभाव वेगळे, आणि मधाचं भांडं दोघांचंही रिकामं.

आता पानगळीविषयी. युरोप-अमेरिकेच्या चित्रांत मॅग्नोलिया दिसतो तो बहुधा निष्पर्ण असतो, उघड्या काळ्या फांद्यांवर मोठाली गुलाबी फुलं. असा एक पानझडी मॅग्नोलिया आपल्या देशातही आहे, दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरांत. त्याचं नाव मॅग्नोलिया कॅम्पबेली. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ साली दार्जिलिंगला आला, तेव्हा आर्चिबाल्ड कॅम्पबेल तिथला अधिकारी होता. दोघे मिळून सिक्कीममध्ये हिंडले आणि १८४९ साली दोघांनाही तिथे अटकेत राहावं लागलं. पुढे १८५५ साली हूकर आणि त्याचा सहकारी थॉमसन यांनी या झाडाला कॅम्पबेलचं नाव दिलं. त्याचं फूल वीतभर रुंद. बाहेरच्या पाकळ्या आडव्या पसरतात आणि आतल्या उभ्या मिटलेल्या राहतात, इराण्याच्या हॉटेलातल्या कपबशीसारख्या. बी लावलं तर पहिलं फूल दिसायला वीस-तीस वर्षंही लागतात. लावणाऱ्यानं नातवासाठीच लावायचं.

तिथे पान गळतं ते थंडीमुळे. हिमालयाच्या त्या उंचीवर हिवाळ्यात कोवळं पान टिकत नाही. म्हणून झाड पानं टाकून देतं आणि पुढच्या वर्षीची कळी एका लवदार टोपीत झाकून ठेवतं. ही टोपी म्हणजे सोनचाफ्याच्या फांदीवर कडं ठेवून जाते तीच. मुंबईत तिचं रेशमी टोपरं असतं, हिमालयात ती गोधडी होते. एकाच घराण्याचं एकच वस्त्र, हवेप्रमाणे जाड-बारीक. वसंताच्या तोंडाशी आधी फूल उमलतं, पान नंतर.

आपला सोनचाफा मुळात पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंतच्या ओलसर रानांतला. त्याला बर्फाची भीती नाही. तो जुनी पानं थोडी थोडी टाकतो, नवी काढत राहतो, एकदम कधी बोडका होत नाही. मुंबईत जी झाडं निष्पर्ण होतात ती थंडीनं नव्हे, कोरडेपणानं. काटेसावर, पांगारा, पळस पानं टाकून फुलतात ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. देवचाफाही तसाच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांतून समुद्र ओलांडून तो इथे आला, पण पानं टाकायची आपली जुनी रीत त्यानं सोडली नाही. आपण मात्र त्या परदेशी झाडाला देवाचं नाव दिलं. तो देवळाच्या पायरीशी उभा असतो, कब्रस्तानातही उभा असतो, आणि दोन्हीकडे सारखीच पांढरी फुलं टाकतो. अब्बांच्या कबरीजवळ एक आहे. उन्हाळ्यात त्याला पान नसतं, सावली नसते, तरी खाली फुलं पडलेली असतात.

फुलाचं झालं, पण सोनचाफ्याचं फळ शहरात फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. फूल गळल्यावर तो मधला दांडा लांब होतो आणि त्यावर हिरव्या-करड्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या लहान लहान पेट्या घोसानं धरतात. पेटी तडकली की आत लालसर गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. त्या गरासाठी पक्षी येतात आणि बी दूरवर टाकतात. बियांत तेल असतं, त्यामुळे त्या फार दिवस टिकत नाहीत. ताज्या असतानाच पेरायच्या, आणि उगवायलाही वेळ द्यायचा. बियांपासून वाढवलेलं झाड फुलायला सात-आठ वर्षं, कधी जास्तही घेतं. कलमाला वर्षा-दोन वर्षांत फूल येतं, म्हणून आता बागांमधून बहुतेक कलमंच दिसतात. बाजाराला फूल हवं, त्याची सोय कलमानं होते. उंच, दाट, पाखरांना जागा देणारं झाड हवं असेल तर बियांपासून वाढवलेला सोनचाफाच हवा.

असा एक सोनचाफा आमच्या लालबागच्या चाळीमागे, नळाजवळ होता. माझे अब्बा गिरणीत कामाला. सकाळच्या भोंग्याआधी शेजारच्या काकू आकडी घेऊन फुलं काढायच्या. पहिली देवाला, दोन-चार बायकांच्या वेण्यांना, आणि एक आमच्या अम्मीच्या हातात. अम्मी ते पाण्याच्या वाटीत ठेवायची. खोलीभर वास व्हायचा, दहा बाय बाराच्या खोलीत तो जाणार तरी कुठे! भेंडी बाजारातल्या अत्तराच्या दुकानात चंपा मागितलं की अजून मला ती वाटी आठवते. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, तेव्हा ते अत्तर होतं. आमच्याकडे ते काम पाण्याच्या वाटीवर भागायचं.

१९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या गेल्या, मग चाळी पडू लागल्या. आमचीही पडली. झाड तोडणार नाही, दुसरीकडे हलवू, असं बांधणाऱ्यानं सांगितलं आणि हलवलंही. पुढच्या उन्हाळ्याआधी ते वाळलं. पुढे मला कळलं की, मॅग्नोलियाच्या घराण्यातल्या झाडांची मुळं जाड, मांसल, दोरासारखी पसरलेली असतात. ती तुटली की लवकर भरून येत नाहीत. रोपटं हलवता येतं, पन्नास वर्षांचं झाड हलवणं म्हणजे बहुधा त्याला सावकाश तोडणं. कागदावर मात्र ‘पुनर्रोपण’ अशी नोंद होते आणि हिशेब पुरा होतो.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष हा दर्जा आला, आणि झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. पण वय सांगणार कोण? चाळीतल्या झाडाचा जन्मदाखला नसतो. त्याचं वय ठाऊक असतं ते पहिल्या मजल्यावरच्या आजींना, त्यांच्या लग्नात ते झाड केवढं होतं ते त्यांना आठवतं. पुनर्विकासाच्या बैठकीत चौरस फुटांची चर्चा चालते, तिथे या आजींना कुणी बोलावत नाही. गिरगावात, दादर-परळमध्ये अजून काही चाळी उभ्या आहेत, काही वाड्यांच्या मागे अजून सोनचाफे आहेत. आपल्या आवारात जुनं झाड असेल तर त्याचं नाव, बुंध्याचा घेर आणि आजींना आठवतं ते वय एका कागदावर लिहून ठेवा, फोटो काढा, सोसायटीच्या दप्तरात लावा. बुंध्याभोवतीचा सिमेंटचा गिलावा फोडून हातभर माती मोकळी करा. मांसल मुळांना हवा लागते. या कामाला पैसे फारसे पडत नाहीत.

या शहराच्या नावांतच झाडं आहेत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, चिंचपोकळी. परळचं नाव पाडळ या झाडावरून आलं असं सांगतात. फणसवाडीत आज फणस शोधायला गेलात तर काय सापडेल ते मी सांगायला नको. झाड गेलं तरी नाव उरतं, हे या शहरानं वारंवार दाखवलं आहे. सोनचाफ्याच्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच वाटतं. फूल वसईहून येईल, अत्तर कनौजहून येईल, पण दोन मजल्यांएवढं उंच झाड लोकलनं येत नाही.

उद्या कुठल्याही सोनचाफ्याखालून गेलात, तर फूल तोडण्याआधी फांदीवरची कडी एकदा मोजून बघा. जितकी कडी, तितकी पानं त्या फांदीनं या शहराच्या हवेत उलगडलेली असतात.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)